हौदाच्या पलीकडचा

भट्टीवाल्याला गल्लीतले लोक शंकासूर म्हणत आणि तोंडावर म्हणत. त्याला त्याचा राग नव्हता. आपल्याला कोणी फसवू शकत नाही याची ती पावतीच आहे, असं तो समजायचा. दूध घेतलं की खिडकीशी नेऊन उजेडात बघायचा. घड्याळ दुरुस्तीला टाकलं की दुकानातून हलायचा नाही, न जाणो आतलं एखादं चाक बदललं तर! मुलगा झाला तेव्हा नर्सने बाळ हातात दिलं, तर या गृहस्थाने विचारलं, "नक्की आमचाच ना?" त्या एका प्रश्नावरून बायकोने त्याला पुढे जन्मभर धारेवर धरलं. मुलाने काही पराक्रम केला की ती म्हणायची, "बघा हं, नर्सला विचारून या एकदा."

अशा माणसाला मित्र मिळणं कठीण. त्याला एकच होता, पण तो पक्का होता. बेकरीत पीठ मळणारा. हा मळणारा म्हणजे त्याच्या बरोबर उलट्या घडणीचा. कोणी काही सांगितलं की त्याला ते खरंच वाटायचं. त्याची छत्री पावसाळाभर दुसऱ्यांच्याच घरी असायची आणि तो भिजत कामावर यायचा. हसायला लागला की पोट धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. पण पिठाला त्याचा हात लागला की पाव असा फुगायचा की मालकसुद्धा काही न बोलता एक उचलून नेत असे.

या मळणाऱ्याला बेकरीत सगळे 'पलीकडचा' म्हणत. हे नाव भट्टीवाल्यानेच टिकवलेलं. दोघं एकाच दिवशी कामाला लागले होते, तेव्हा भट्टीवाला भट्टीवर नव्हता, तोही मळायलाच होता. पीठ मळायचा लाकडी हौद खोलीच्या मधोमध असायचा. माणूस आडवा झोपेल एवढा लांब, आणि दोघांनी दोन बाजूंनी मळायचं. मालकाला नवी नावं लक्षात राहत नसत. तो ओरडायचा, "अलीकडच्या, पाणी घाल. पलीकडच्या, जोर लाव." पुढे अलीकडचा भट्टीवर गेला आणि त्याचं ते नाव पुसलं गेलं. पलीकडच्याचं राहिलं, कारण भट्टीवाला त्याला दुसऱ्या कुठल्या नावाने हाक मारीचना. बाकी तो माणूस बेकरीमागच्या तिसऱ्या गल्लीत जन्मला, तिथेच वाढला, तिथेच त्याचं लग्न झालं, आणि त्याच्या आईने या भट्टीवाल्यालाही कित्येकदा पोटभर जेवू घातलं होतं.

मग ती वाईट वर्षं आली.

आधी काचेचा कारखाना बंद पडला. थोडे दिवसच बंद आहे, असं सांगितलं होतं. नंतर फाटकाला साखळी लागली आणि साखळीवर गंज चढला. कारखान्यातले लोक सवयीने डबा घेऊन घराबाहेर पडायचे आणि बागेत बसून संध्याकाळी परत यायचे, शेजाऱ्यांना कळू नये म्हणून. शेजारीही तेच करत होते. शाळेतल्या मास्तरांनी कपाट विकलं, मग पुस्तकं विकली, मग कोट विकला आणि थंडीत शाल गुंडाळून शिकवायला लागले. बेकरीपुढे रांग लागायची ती आता पावासाठी नाही, करपलेल्या कडांसाठी. एकदा पिठाची गाडी आलीच नाही. दुसऱ्या दिवशीही आली नाही. मालकाने भट्टी विझवली, आणि कधीच थंड न झालेल्या त्या विटा थंड होताना रात्रभर तडकत राहिल्या. तो आवाज भट्टीवाल्याला घरात बसून ऐकू आला असं तो सांगायचा. बायको म्हणायची, भास होता. असेल.

भूक माणसाला गरीब तर करतेच, वर संशयी करते. आजवर गल्लीत एकच शंकासूर होता, आता घरोघरी झाले. याच्याकडे धूर कसा दिसतो? त्याची मुलं अजून गुबगुबीत कशी? भट्टीवाल्याला आधी गंमत वाटली, मग नाही वाटली. आपली शंका दुधाच्या भांड्यापुरती होती, यांची माणसांच्या गळ्यापर्यंत पोचते आहे, हे त्याला दिसत होतं.

आणि नेमक्या त्या वेळी चौकातल्या कर्ण्यातून तो आवाज सुरू झाला. त्या माणसाला स्वतःला 'पालक' म्हणवून घ्यायला आवडायचं. लेकरांचा सांभाळ करणारा, या अर्थी. भट्टीवाला पहिल्या दिवशीच म्हणाला, "पालक मला जुडीतलाच बरा वाटतो." मळणारा त्यावर इतका हसला की त्याला उचकी लागली. काही दिवसांनी तोच विनोद भट्टीवाल्याने न्हाव्याच्या दुकानात केला, तर कोणी हसलं नाही. न्हाव्याचा वस्तरा त्याच्या गालावर मध्येच थांबला. आरशात मागच्या बाकावरची माणसं त्याच्याकडे बघत होती. तो विनोद त्याने परत केला नाही.

पालक फार साधं बोलायचा. तुम्ही आळशी नाही, तुम्ही मूर्ख नाही, तुमचं कोणीतरी खातंय. हे ऐकायला त्या लोकांचे कान आसुसलेले होते. महिनोन्‌महिने बागेत रिकामा डबा उघडून बंद करणाऱ्याला कोणी सांगितलं की यात तुझी चूक नाही, तर तो त्याच्यासाठी जीव देईल. आणि कोण खातंय? तर नदीच्या पलीकडचे. त्यांची कोठारं फुटायला आलीत, त्यांचा गहू सडतोय, आणि ती जमीन तर मुळात आपलीच. रोज संध्याकाळी कर्णा तेच सांगायचा. पलीकडचे असे, पलीकडचे तसे.

भट्टीवाल्याच्या मनात पाल चुकचुकायची. नावेवरचे लोक सांगत की नदीपलीकडेही अशाच रांगा आहेत, तिथेही म्हाताऱ्या करपलेले तुकडे मागतात. मग कोठारं कुठून आली? पण हे त्याने फक्त मळणाऱ्याला सांगितलं, तेही कुजबुजत.

मळणारा म्हणाला, "असतील रे कोठारं. एवढा मोठा माणूस खोटं कशाला बोलेल?"

"मोठा माणूसच बोलतो. लहानाला परवडत नाही."

"तुला तर आईच्या दुधाची पण शंका."

पालक गादीवर बसला आणि खरं सांगायचं तर सहा-आठ महिन्यांत भट्टी पेटली. पिठाच्या गाड्या आल्या, एकामागून एक. भट्टीवाल्याने पहिली जाळी आत सरकवली, पावाचा वास सुटला आणि हा एवढा कोरडा माणूस भिंतीकडे तोंड करून रडला. त्याला कोणी विचारलं असतं तर त्या क्षणी त्यानेही पालकाच्या नावाने हात वर केला असता. मुलगा नवनिर्माण दलात लागला. आधी खांद्यावर फावडं होतं, रस्ते बांधायचं. मग फावड्याच्या जागी बंदूक आली, आणि रस्तेही सगळे नदीकडेच जायला लागले.

बेकरीलाही वेगळं काम आलं. मऊ पाव थोडा, बाकी सगळा टिकाऊ पाव. बिनखमिराचा, पातळ, दोनदा भाजून दगडासारखा कोरडा केलेला. सहा महिने राहिला पाहिजे, अशी अट.

"ज्या गावात पाव संध्याकाळपर्यंत उरत नाही," भट्टीवाला घरी म्हणाला, "तिथे सहा महिने टिकणारा पाव कोणाला हवाय?"

बायको मुलाचा गणवेश सांधत बसली होती. ती वर न बघता म्हणाली, "तुमची शंका चुलीत घाला. घरात दोन वेळा शिजतंय."

"कोणीतरी लांब जाणार आहे. लांब, आणि बराच काळ. म्हणून विचारतो."

तिचा हात थांबला. तिने दोरा दातांनी तोडला आणि विषय बदलला. त्यानंतर त्या दोघांनी त्या पावाबद्दल घरात कधी बोलणं काढलं नाही.

टिकाऊ पाव वाळवायला जागा हवी, म्हणून बेकरीत भिंतीभिंतीने फळ्या आल्या आणि हौद मधून उचलून कोपऱ्यात ढकलला गेला, दोन बाजूंनी भिंतीला चिकटून. आता त्याला अलीकडची बाजू तेवढी राहिली. मळणारा तिथे एकटा उभा राहून मळायचा. नवी माणसं कामाला लागली होती. तीही त्याला पलीकडचेकाका म्हणायची. का, हे त्यांनी कधी विचारलं नाही. नाव म्हणून नाव.

एका दुपारी पालकाच्या नव्या दक्षता खात्याचा अधिकारी पाव बघायला आला. तरणा, नीटनेटका, बोलायला गोड. त्याने एक पाव टेबलावर आपटून बघितला, समाधानाने मान हलवली. तेवढ्यात नव्यांपैकी कोणीतरी सवयीने हाक मारली, "पलीकडचेकाका, पीठ घट्ट झालंय."

अधिकाऱ्याने मान वळवली. बेकरीत पावलांचे, फळ्यांचे, जाळ्यांचे आवाज होते, ते एकेक करून थांबले. तेव्हा कुठे सगळ्यांना आपण इतकी वर्षं काय म्हणत होतो ते ऐकू आलं. मळणारा मात्र हसत म्हणाला, "आलो, आलो," आणि हात पुसत हौदाकडे गेला.

अधिकारी मालकाच्या खोलीत बसला आणि त्याने एकेकाला बोलावलं. मालक बाहेर आला तो चष्मा पुसत. "मी सांगितलं, माणूस कामाला चांगला आहे. बाकी मला माहीत नाही," असं स्वतःशीच बोलत तो गल्ल्याकडे निघून गेला. मग भट्टीवाल्याला बोलावणं आलं.

खोलीत खुर्ची होती, अधिकाऱ्याने बसायला सांगितलं, पाणीही दिलं. पाणी दिलं म्हणूनच भट्टीवाल्याला शंका आली.

"तुमचा मुलगा तिसऱ्या तुकडीत आहे ना?" अधिकारी म्हणाला. "चांगलं ऐकतो त्याच्याबद्दल."

"हो साहेब."

"त्या मळणाऱ्याला पलीकडचा का म्हणतात?"

उत्तर सोपं होतं. हौदाच्या पलीकडे उभा राहायचा म्हणून. एवढंच सांगायचं होतं, आणि अधिकारी कदाचित हसलाही असता. पण शंकासुराच्या डोक्यात चक्रं फिरायला लागली. एवढा मोठा खात्याचा माणूस असला पोरकट प्रश्न विचारेल? याला उत्तर ठाऊक असणार. हा मळणाऱ्याला तपासत नाहीये, मला तपासतोय. मी काय लपवतो ते बघतोय. मुलाचं नाव आधी का काढलं? आणि हौदाचं सांगितलं, नि हा उठून बघायला गेला, तर हौद भिंतीला चिकटलेला. म्हणेल, याला पलीकडची बाजू कुठे आहे? म्हणेल, खोटं बोललास. जन्मभर प्रत्येक गोष्टीच्या मागे काहीतरी आहे असं समजणाऱ्या माणसाला, या गोष्टीच्या मागे काहीच नसेल हे सुचलंच नाही.

"सगळे म्हणतात, म्हणून मीही म्हणतो," तो म्हणाला.

"कधीपासून?"

"बरीच वर्षं झाली."

"तो इथलाच आहे, असं तुम्ही शपथेवर सांगाल?"

"त्याच्या जन्माच्या वेळी मी नव्हतो साहेब."

"म्हणजे शपथेवर सांगता येत नाही."

भट्टीवाल्याने पाण्याचा घोट घेतला. "शपथेवर... नाही."

"ठीक आहे," अधिकारी म्हणाला. त्याने आवाज चढवला नाही, डोळे वटारले नाहीत, उलट उठून दार उघडून दिलं. जीव भांड्यात पडला, असं वाटून भट्टीवाला बाहेर आला. सुटलो. मुलाला काही झालं नाही. काय हुशारीने निसटलो, असंही त्याला क्षणभर वाटलं, आणि त्या क्षणाची त्याला पुढे सगळ्यात जास्त लाज वाटली.

दाराशीच मळणारा उभा होता. "काय विचारलं रे?"

"काही नाही. पिठाचं."

"पिठाचं होय," तो म्हणाला. त्याला ते लगेच पटलं. त्याला काहीही लगेच पटायचं. "मग मलाच आधी बोलवायचं ना. तुला काय कळतं पिठातलं?" आणि कोपरापर्यंत पिठाने भरलेल्या हातांनी तो आत गेला. खोलीला मागच्या गल्लीत उघडणारं दुसरं दार होतं. तो पुढच्या दाराने बाहेर आला नाही.

चौकशी करून उद्या सोडतील, असं मालक म्हणाला. उद्या झाला, परवा झाला. भट्टीवाल्याने तिसऱ्या गल्लीतून जायचं सोडलं. लांबच्या रस्त्याने कामावर जायला लागला. हौदाशी आता एक यंत्र बसवलं होतं. पाव पूर्वीसारखाच टणक निघत होता. तसा पाव बनवायला चांगला हात लागतच नाही. भट्टीवाला जाळ्या सरकवायचा, काढायचा, आणि पाठीमागे कोणी हसलं की दचकायचा. मी काही वाईट बोललो नाही, असं तो मनाशी म्हणायचा. ते खरं होतं. तो काहीच बोलला नव्हता.

मग एका सकाळी कर्ण्यावर वाद्यं वाजली आणि पालकाने सांगितलं की आपले जवान नदी ओलांडून आपल्याच जमिनीवर परत गेले आहेत. चौकात लोक नाचले. शाल गुंडाळलेले मास्तरसुद्धा टाळ्या वाजवत होते. बेकरीच्या दारात मालमोटारी लागल्या आणि टिकाऊ पावाच्या पेट्या भरल्या जाऊ लागल्या. तिसरी तुकडी सगळ्यात पुढे आहे, हे बायकोला शेजारणीकडून कळलं. तिने नाचणाऱ्यांच्या तोंडावर खिडकी लावून घेतली आणि नवऱ्याकडे बघितलं. सहा महिने टिकणारा पाव कोण खाणार होतं, ते आता दोघांनाही ठाऊक होतं.

त्या दिवशी प्रथमच तो स्वतःहून दक्षता खात्याच्या कचेरीत गेला. मुलगा तर लढाईवर गेलाच होता, निदान मित्राला सोडवावं, असं काहीतरी त्याच्या मनात होतं. खिडकीमागच्या कारकुनाला त्याने सगळं धडाधडा सांगून टाकलं. तो मळणारा इथलाच आहे, तिसऱ्या गल्लीतला. ते नाव मीच चालू ठेवलं. तो हौदाच्या पलीकडे उभा राहायचा, मी अलीकडे. बाकी काही नाही.

कारकून खुशीत होता. सगळेच त्या दिवशी खुशीत होते. "अहो, तुमचा माणूस आत नाहीच," तो म्हणाला. "उगाच काळजी करताय. त्याला चांगल्या कामावर लावलाय. तुकडीबरोबर पाठवलाय, वाटाड्या म्हणून. तिकडचा आहे, तिकडचे रस्ते, पाणवठे त्याला माहीत. पुढे चालून दाखवेल."

"अहो, तो तिकडचा नाही. तो कधी नदी ओलांडून गेलेला नाही."

"नाही म्हणत होता तोही. पण तसं सगळेच म्हणतात." कारकुनाने त्याच्याकडे नीट बघितलं. "तुम्ही हे त्या वेळी का नाही सांगितलंत?"

"कुठल्या तुकडीबरोबर?"

"तिसऱ्या."

तो कचेरीच्या पायऱ्या उतरला आणि पाय आपोआप तिसऱ्या गल्लीकडे वळले. मित्राच्या घराचं दार उघडंच होतं. मळणाऱ्याची बायको तांदूळ निवडत बसली होती. तिने त्याला बघितलं आणि सूप बाजूला ठेवलं.

"या भाऊजी. बऱ्याच दिवसांनी."

"वहिनी, मला विचारलं होतं," तो उभ्याउभ्याच म्हणाला. "तो इथलाच आहे का, असं मला विचारलं होतं त्यांनी. मी सांगितलं नाही. मला वाटलं, मला अडकवतायत. मी घाबरलो." मग त्याने वाटाड्याचं सांगितलं, तिसऱ्या तुकडीचं सांगितलं.

ती रडेल, शिव्या देईल, हाकलून देईल, असं त्याला वाटत होतं. तसं झालं असतं तर बरं झालं असतं. तिने सूप परत मांडीवर घेतलं.

"तिसऱ्या तुकडीत तुमचा मुलगा ना?" तिने विचारलं.

त्याने मान हलवली.

"मग त्याला काहीतरी करून निरोप पाठवा भाऊजी. म्हणावं, काकांच्या मागून चालू नकोस. त्यांना स्टेशनावरून घरी यायचं तरी दोन ठिकाणी विचारावं लागतं, आणि कोणी कुठलीही वाट दाखवली तरी ते खरं मानून चालायला लागतात."